एकदाच दिलेला शब्द

हातातला चहाचा कप खाली ठेवल्याशिवाय सर कुणाला नकार देत नसत. समोरचा माणूस बोलत असला की ते कप हातात धरून ऐकायचे, मधूनच फुंकर मारायचे, मान हलवायचे. बोलणं संपत आलं की कप बशीत टेकवायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "मी सल्ला देतो. शब्द देत नाही." कप बशीला टेकल्याचा आवाज झाला की आम्ही बाकीचे समजायचो, आता हा माणूस हिरमुसून घरी जाणार.

आमच्या भागात 'शब्द' म्हणजे काय चीज आहे, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सातारा-सांगलीकडं मतं नंतर पडतात, शब्द आधी दिला जातो. गावच्या सोसायटीची निवडणूक असो, कारखान्याची असो, नाहीतर पोरीची सोयरीक असो, सगळं शब्दावर चालतं. शब्द फिरवणाऱ्याच्या दारावरून लोक मान वळवून जातात. अशा मुलखात राहून हा माणूस कुणालाच शब्द द्यायचा नाही, म्हणून पुष्कळांना तो शिष्ट वाटायचा. सुरुवातीला मलाही वाटायचा.

खरं कारण मला पुढं कळलं. सर फलटणकडचे, उसाच्या बागायती घरातले. घरातली निम्मी माणसं फौजेत आणि निम्मी कारखान्याच्या राजकारणात. एका निवडणुकीत थोरल्या भावानं एका पॅनेलला शब्द दिला आणि धाकट्यानं दुसऱ्याला. दोघांनीही शब्द पाळला आणि त्यापायी घरात दोन चुली झाल्या. सर मधले. ते साताऱ्याला येऊन राज्यशास्त्र शिकवायला लागले. "आमच्या घरात राजकारण करणारे पुष्कळ झाले होते मॅडम, समजून घेणारा कुणीच नव्हता," असं ते हसत सांगायचे. हसणं ओठांपुरतंच असायचं.

मी त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि त्यांच्याच कॉलनीत राहते. जून महिन्यात प्रवेशाच्या टेबलावर आम्ही शेजारी शेजारी बसायचो. कला शाखेच्या त्या टेबलाचं दुःख ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. बाकं रिकामी, विद्यार्थी कमी, आणि विद्यार्थी कमी झाले की आपला विषयच बंद होईल ही धाकधूक. त्यामुळं दारात पोरगं दिसलं की आम्ही सगळे प्राध्यापक कपड्याच्या दुकानातल्या माणसांसारखे "या, या" करत पुढं सरसावायचो. एकटे सर तेवढे जागचे हलायचे नाहीत.

आणि गंमत बघा, अशा रिकाम्या बाकांसाठीसुद्धा लोक वशिला घेऊन यायचे. आपल्याकडं वशिल्याशिवाय मिळालेल्या गोष्टीवर कुणाचा विश्वासच बसत नाही. एकदा लोणंदकडच्या एका गृहस्थांनी मुलाच्या प्रवेशासाठी थेट कुठल्याशा पुढाऱ्याला फोन लावला आणि मोबाईल सरांच्या कानाला टेकवला. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, जागा भरपूर आहेत. वेळ असेल तर तुम्हीसुद्धा या." ते गृहस्थ घामाघूम झाले, पण पलीकडून साहेब मोठ्यानं हसल्याचं मला इकडं ऐकू आलं.

मग सर त्या पोराकडं वळले आणि त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, "तुझ्या गावात भांडण कशावरून आहे?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. टक्के किती, आवड कशाची, पुढं काय व्हायचंय, यातलं काही नाही. राजकारणाची आवड असलेलं पोरगं 'राज्यशास्त्र घेतो' म्हणालं की एवढंच, भांडण कशावरून आहे? नव्या धोरणामुळं काही कॉलेजांत आता दोन विषय बरोबरीनं मुख्य म्हणून शिकता येतात. त्याला सगळे डबल मेजर म्हणतात. पालकांना वाटायचं, यात दोन डिग्र्या मिळतात, म्हणजे नोकरी लवकर लागेल. सरांना मात्र ही व्यवस्था मनापासून आवडली होती. "राज्यशास्त्र एकटं शिकणारा नुसता बोलायला शिकतो," ते म्हणायचे, "कशाबद्दल बोलायचं ते दुसऱ्या विषयातून येतं." लोणंदच्या त्या पोराच्या गावात भांडण कारखान्यासाठी गेलेल्या जमिनींवरून होतं. सरांनी त्याला सांगितलं, इथं नको, पुण्याला जा, राज्यशास्त्राबरोबर कायदा शिकता येईल असं कॉलेज बघ. वडील बघतच राहिले. रिकाम्या बाकावर बसायला आलेलं पोरगं स्वतःच्या हातानं परत पाठवणारा प्राध्यापक त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असणार. प्राचार्यांनी त्याबद्दल सरांना दोन शब्द सुनावले, तेही त्यांनी कप हातात धरून ऐकून घेतले.

सरांच्या नोकरीचा तो शेवटचा जून. आटपाडी तालुक्यातल्या एका वस्तीवरून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. आमच्या कॉलनीतले एक निवृत्त हवालदार त्या मुलीचे मामा, त्यांनी धाडलेलं. वडिलांच्या डोक्याला गुलाबी पटका, अंगात पांढरा सदरा. पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळ, आता डाळिंबाची बाग. मुलगी सडपातळ, नजर खाली न घालणारी.

"हिला राजकारण शिकायचंय म्हणती," वडील म्हणाले. "हिची आई पंचायतीत मेंबर हाय. म्हंजे मेंबर ती, बोलतो मी. तर गेल्या ग्रामसभेत ही उठली आन् सगळ्यांच्या म्होरं म्हणाली, मेंबर आई हाय तर आबा का बोलत्यात? सांगा आता, काय करायचं हिचं?"

मी हसले. सर हसले नाहीत. त्यांनी मुलीला विचारलं, "तुझ्या गावात भांडण कशावरून आहे?"

"पाण्यावरून," ती लगेच म्हणाली. "योजनेचं पाणी गावात येतंय, आमच्या वस्तीपाशी यायच्या आधीच थांबतंय. गावातले म्हणत्यात, तुमच्याकडं चढ हाय, पाणी चढत न्हाई. आमी म्हणतो चढ न्हाई, मर्जी न्हाई."

सरांनी कप तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला. "आणि खरं काय आहे?"

मुलीनं एकदा वडिलांकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हाईत न्हाई."

"मग राज्यशास्त्राबरोबर भूगोल घे," सर म्हणाले. "चढ आहे की मर्जी नाही, हे आधी सांगता आलं पाहिजे. मर्जीचं राज्यशास्त्रात कळेल, चढाचं भूगोलात."

मी टेबलाखालून सरांना खुणावत होते. एवढी चुणचुणीत मुलगी! माझ्या अर्थशास्त्राच्या वर्गात बसली असती तर वर्षभर शिकवायला हुरूप आला असता. मी म्हणालेसुद्धा, "सर, पाणी म्हटलं की खर्च आला, वाटप आलं. अर्थशास्त्र घेऊ दे की." सर म्हणाले, "तुमचा विषय तिला लागणारच आहे मॅडम. आधी तिला चढ मोजू दे." आणि वर सांगितलं काय, तर हे दोन्ही विषय मुख्य म्हणून आपल्याकडं मिळत नाहीत, सांगलीला मिळतात, तिथं जा. मुलीच्या मनात पुणं होतं. पुण्यात मोठमोठी माणसं भाषणं द्यायला येतात, असं तिनं ऐकलं होतं. सर म्हणाले, "येतात. पण तुझं भांडण तिथं नाही. रविवारी घरी जाऊन बघता येईल एवढ्याच अंतरावर राहा."

मुलीला पटलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. वडील मात्र पटक्याचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते.

"सर, आमच्या वस्तीवरनं पोरगी अशी भाईर ऱ्हायला कवा गेली न्हाई," ते म्हणाले. "भावकी इचारंल. हिची सोयरीक मी थांबवून धरलीया. तुमी शब्द द्या, मी धाडतो."

कप बशीत टेकला. चष्मा वर सरकला. "मी सल्ला देतो. शब्द देत नाही."

ते गृहस्थ चिडले नाहीत. सरांकडं बघून साधेपणानं म्हणाले, "म्हंजे तुमालाबी भरवसा न्हाई."

मुलीनं मान खाली घातली. इतक्या वेळात पहिल्यांदाच. सरांनी चष्मा कपाळावरून काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर लावला. मग म्हणाले, "ती पास होईल, साहेब होईल, असा शब्द मी देणार नाही. ते माझ्या हातात नाही. पण दर महिन्याला मी सांगलीला जाऊन तिला भेटेन आणि तिथून तुमच्याकडं येऊन तिची खुशाली तुम्हाला तोंडानं सांगेन. तिचं शिक्षण संपेपर्यंत. हा माझा शब्द."

त्या गृहस्थांनी दोन्ही हात पुढं केले आणि सरांचा हात त्यात धरला. झालं, मुलगी सांगलीला गेली.

संध्याकाळी कॉलनीत फिरताना मी विचारलंच, "सर, आज हे काय केलंत?" गुडघेदुखीमुळं ते सावकाश चालायचे. थोडं पुढं जाऊन म्हणाले, "सल्ला फुकट असतो मॅडम. त्या माणसानं भावकीचा राग ओढवून घ्यायचा, पोरगी बाहेर पाठवायची, आणि मी नुसता सल्ला देऊन चहा प्यायचा, हे बरं दिसेना."

आणि मग सुरू झाल्या त्या वाऱ्या. निवृत्तीनंतर माणसं नातवंडं बघतात, तीर्थयात्रा करतात. आमचे सर महिन्यातून एकदा खांद्याला पिशवी अडकवून सांगलीच्या एसटीत बसायचे. कॉलेजच्या आवारात कडुलिंबाखाली एक बाक आहे, तिथं मुलीला भेटायचे. तिथून विट्यावरून आटपाडी, तिथून मिळेल त्या जीपनं वस्ती. रात्र तिथंच काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत. गुडघ्यांनी संप पुकारला तरी खाडा नाही. मी चिडवायचे, "सर, फोन करून खुशाली सांगता येते की!" ते म्हणायचे, "तोंडानं सांगेन असा शब्द दिलाय." वस्तीवरून येताना डाळिंबं आणायचे, त्यातली चार माझ्या दारात ठेवायचे. अर्थशास्त्राची नुकसानभरपाई म्हणे!

दुसऱ्या वर्षी मुलीनं भूगोलाच्या प्रकल्पासाठी आपलीच वस्ती घेतली. सुट्टीच्या दिवशी कॉलेजची यंत्रं नेऊन, मैत्रिणींना पट्टी धरून उभं करून, पाणी जिथं थांबतं तिथपासून वस्तीपर्यंतची जमीन तिनं मोजून काढली. आणि ग्रामसभेत उभी राहून तिनं सांगितलं, चढ हाय. गावातले म्हणतात ते खरं हाय.

तुम्हीच विचार करा, त्या वस्तीवर काय झालं असेल. वर्षानुवर्षं ज्या एका वाक्यावर सगळी वस्ती भांडत आली, ते वाक्य घरच्याच पोरीनं सगळ्या गावासमोर खोटं पाडलं. गावानं तिला फितवलं असं लोक म्हणायला लागले. दोन दिवसांनी तिचे वडील साताऱ्याला सरांच्या घरी आले, तेव्हा मी तिथंच होते. ते खुर्चीवर बसलेही नाहीत.

"सर, तुमचा शब्द म्हागारी घ्या. पोरगी आमच्याच इरुद्ध पार्टीत गेली. आता मी तिला घरीच ठिवतोय."

सर म्हणाले, "मी खुशाली सांगायचा शब्द दिला होता. ती खुशाल आहे. पण चला, मी येतो तुमच्या वस्तीवर." मग माझ्याकडं बघून, "मॅडम, गाडी काढता का? अर्थशास्त्रालाही जरा वारं लागू दे."

विट्याच्या पुढं ऊस मागं राहतो आणि बाभळी सुरू होतात. मागच्या सीटवरचे ते गृहस्थ सगळी वाट खिडकीतून बाहेर बघत होते. वस्तीवर बिरोबाच्या देवळापुढं माणसं जमली होती. मुलगी आईजवळ कडेला उभी होती. रडून डोळे सुजले होते, पण मान ताठ. आता सर इथं भाषण करणार आणि सगळं बिघडणार, अशी मला भीती वाटत होती.

सरांनी भाषण केलं नाही. ते देवळाच्या पायरीवर बसले आणि एका म्हाताऱ्या मेंढपाळाला त्यांनी विचारलं, "बाबा, गावाकडून मेंढरं वर आणताना ती कुठं दमतात?"

म्हाताऱ्यानं काठी उचलून खालच्या ओढ्याच्या घळीकडं दाखवलं. "त्या वगळीच्या हिकडं. तितनं म्होरं जनावर धापा टाकतंय."

"म्हणजे चढ आहे?"

म्हाताऱ्यानं काठी खाली घेतली. इकडं तिकडं बघितलं. मग मिशीत हसत म्हणाला, "चढ हाय ह्ये आमाला ठावं न्हाई व्हय? जलम गेला हितं मेंढरं हाकण्यात. पर कबूल कोण करंल? कबूल केलं की भांडण गेलं."

आधी कुणीतरी खुसकन हसलं, मग सगळेच हसले. हसू ओसरल्यावर सर म्हणाले, "भांडण जात नाही बाबा. मर्जी नाही म्हणत बसलात तर नुसत्या शिव्या देता येतात. चढ आहे म्हणालात तर पंप मागता येतो. पोरीनं तुमचं भांडण मोडलं नाही, बदलून दिलंय."

मुलीच्या वडिलांनी हे ऐकलं. पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला. मग मुलीला म्हणाले, "कालिज कवा उघडतंय?" एवढंच. तिनं तोंडावर ओढणी धरली आणि घरात पळाली. मला रडू आवरलं नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पंपाची मागणी सरकारकडं गेली, वर्तमानपत्रातही छापून आली. पंप अजून आलेला नाही. ते घोंगडं भिजत पडलंय. पण यावेळी मागणी गाव आणि वस्ती दोघांनी मिळून केली आहे, आणि पंचायतीत तिची आई बोलते.

मुलीचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि दिवाळीनंतर सर गेले. सकाळी पेपर वाचताना, खुर्चीतल्या खुर्चीत. आदल्याच आठवड्यात सांगलीला जाऊन आले होते. माझ्या दारातली डाळिंबं अजून संपली नव्हती.

कॉलेजात शोकसभा झाली. एक पुढारी म्हणाले, सरांनी दिलेला शब्द कधी मोडला नाही. ऐकून मला मनातल्या मनात हसू आलं. साऱ्या आयुष्यात दिला एकदाच, आणि तो पुरा व्हायच्या आत निघून गेले. इतका जपून राहिलेला माणूस असा अर्ध्यावर अडकावा, याचा मला फार त्रास झाला. महिन्याची ती फेरी आपण पुरी करावी असं मनात यायचं. पण कॉलेज, घर, परीक्षा, यात मी नुसती ठरवतच राहिले.

त्या उन्हाळ्यात पेपर तपासायच्या कामानं मी सांगलीला त्याच कॉलेजात गेले. मधल्या सुट्टीत आवारात आले तर कडुलिंबाखालच्या बाकावर गुलाबी पटका दिसला. मुलीचे वडील. पायाशी डाळिंबांची पिशवी. मला बघून ते उठून उभे राहिले.

"आवं मॅडम! तुमी हितं?"

"मी कामासाठी आलेय. तुम्ही?"

"मी येतोय की दर म्हैन्याला. सर गेल्यापासनं."

मी म्हणाले, "शब्द तर सरांनी दिला होता ना?"

"व्हय. पर दिला कुणाला? मलाच की," ते म्हणाले. "मानूस गेलं म्हून तेचा शब्द असा उघड्यावर सोडायचा व्हय? म्हटलं ऱ्हायलेला आपुन पुरा करू." मग जरासे हसले. "आधी सर यायचे, हितनं तिकडं येऊन मला सांगायचे. आता मीच येतो, मीच ऐकतो, आन् घरी जाऊन मेंबरबाईस्नी सांगतो."

पहिल्यांदा आले तेव्हा म्हणे फाटकावरच्या शिपायानं हटकलं होतं, कोण पाहिजे म्हणून. यांनी सांगितलं, सरांच्या जागेवर आलोय. शिपाई सरांना ओळखत होता. त्यानं वाट सोडली.

बाकाच्या एका कडेला ते बसले होते. मधली जागा त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं पुसली आणि म्हणाले, "बसा मॅडम. सर हितंच बसायचे."

मी बसले. थोड्या वेळानं घंटा झाली आणि मुली बाहेर पडल्या. त्यांच्यातून ती येताना दिसली. वडिलांना बघून झपझप चालत आली, मग बाकावर मला बघून एकदम थबकली.

वडिलांनी पिशवीतून डाळिंब काढून तिच्या हातात दिलं आणि विचारलं, "काय गं, भांडण कशावरनं चाललंय?"

ती हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग ती आमच्या पुढ्यात खाली गवतावर बसली आणि सांगायला लागली.